दाराकडून मोजलेल्या पेट्या

माझं लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं. पनवेलला मी आले ती दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. घरात माणसं तीन. हे, मी आणि यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. वन्संना सहाव्या वर्षी देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. त्यांचं लग्न झालं नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा यांना त्यांनीच वाढवलं. मी आले त्या वर्षी त्यांना चाळिसावं लागलं होतं.

मी फार बुजरी. माहेरी चौथीपर्यंत शिकले, पण गुरुजींनी विचारलं की येत असलेलं उत्तरही घशात अडकायचं. सासरी आल्यावर तर बांगड्यांचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून मी त्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवून ठेवायची. तिसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "अगं, बांगड्या खाली घे. वाजू देत. घरात कोण कुठे आहे ते मला कळायला नको?" मी बांगड्या खाली घेतल्या. आवाज कर असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

तांदूळ निवडायचे ते वन्संनीच. त्यांनी निवडलेल्या तांदळाच्या भातात दाताखाली खडा आला असं कधी झालं नाही. वाल सोलायचे, वाती वळायच्या, दूध उतू जायच्या आधी वासावरून हाक मारायची, ही सगळी कामं त्यांची. घरातली प्रत्येक वस्तू त्या दारापासून मोजत. डावं आणि उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी नसत. हळद म्हणजे दाराकडून दुसरा डबा. माझं लुगडं म्हणजे दाराकडून चौथी खुंटी. मागच्या दारापासून विहीर बावीस पावलं होती. रोज सकाळी एक कळशी त्या स्वतः आणत. वाटेत कोणी हात धरायला आलं तर म्हणत, हात काढ, माझी मोजणी चुकते.

हे भाताच्या गिरणीत कारकून होते. गिरणीत आलेलं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी घरी आणायचे. दुपारी झाकपाक झाली की ते मी वन्संना वाचून दाखवायची. जोडाक्षरांवर अडखळायची. त्या म्हणायच्या, सावकाश वाच, कालचीच बातमी आहे, पळून जात नाही. माझं वाचन विसरलं नाही ते त्यांच्यामुळे.

पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या आधी मतदारांची नावं लिहून घ्यायला एक कारकून दारात आला. यांनी आपलं नाव सांगितलं. बायकांचीही नावं हवीत, अमक्याची बायको एवढ्यावर भागणार नाही, असं तो म्हणाला. हे म्हणाले, बायकोचं लिहा, पण बहीण आंधळी आहे, तिचं राहू द्या, तिला न्यायचं आणायचं कोणी.

आतून वन्संचा आवाज आला. "आंधळी आहे, मेलेली नाही. लिहा."

आणि त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, वय असं सगळं शाळेत हजेरी द्यावी तसं खणखणीत सांगितलं. मग माझी पाळी आली. परक्या पुरुषासमोर स्वतःचं नाव घ्यायचं. माझी जीभ उचलेना. कारकून पेन्सिल धरून थांबला, हे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी माझं नावही वन्संनीच सांगितलं. आमचं दोघींचं पुढेही असंच चाललं. त्यांना दिसत नसे ते मी बघायचं, मला बोलवत नसे ते त्यांनी बोलायचं.

मतदान शाळेत होतं. तेव्हाची पद्धत आताच्या मुलांना माहीत नसेल. शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र चिकटवलेलं. आपल्या हातात कागद द्यायचे, एक दिल्लीसाठी आणि एक मुंबईसाठी. पडद्याआड जायचं, हव्या त्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर यायचं. कोणत्या पेटीत टाकला ते आपलं आपल्याला ठाऊक.

वन्संनी सणाचं लुगडं नेसलं होतं. मी त्यांना दारापर्यंत नेलं. तिथल्या साहेबांनी त्यांना आत घेतलं. आंधळ्या माणसाला चित्र दिसणार नाही म्हणून त्याचं मत साहेबांनी टाकायचं, असा तेव्हा रिवाज होता. साहेब भले होते. खाली वाकून त्यांनी हळूच विचारलं, कोणाच्या पेटीत टाकू. पण खोलीत किती माणसं आहेत ते वन्संना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आपण आणि साहेब, दोघंच. त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. दिल्लीचंही सांगितलं आणि मुंबईचंही. बाकावर उमेदवारांची माणसं बसली होती. दारात पंधरा-वीस जणांची रांग होती. त्यात मीही होते. रांगेतला कोणीतरी हसला, तेव्हा वन्संची मान त्या बाजूला वळली. त्यांच्या देवीच्या वणांच्या तोंडावर रंग चढलेला मी पाहिला.

चार दिवसांनी रोडपालीची मावरेवाली दारात पाटी उतरवून बसली आणि म्हणाली, "ताई, तुमचा मत त आमच्या रोडपालीपरत आयकू आला." ती गमतीने म्हणाली. वन्संही हसल्या, बोंबील घेतले, भाव करताना तिला दोन शब्द सुनावले. ती गेल्यावर मात्र मला म्हणाल्या, "तुम्ही सगळे पडद्याआड जाऊन आलात. मला तेवढी चव्हाट्यावर उभी केली."

त्यानंतर तीनेक वर्षांची गोष्ट. आमच्या घरमालकांनी मागच्या अंगणात सामानासाठी एक खोली बांधायला घेतली. ती नेमकी विहिरीच्या वाटेवर आली. आता विहिरीला जायचं तर गल्लीतून वळसा घालायचा, दोन गटारं ओलांडायची. गल्लीत सायकली, गुरं, कोणाची बाज, कोणाचं जळण, रोज काहीतरी नवं. वन्संची बावीस पावलं गेली. त्या स्वतः घरमालकांशी बोलल्या. खोली हातभर सरकवा, तेवढीच वाट राहील, असं म्हणाल्या. घरमालकांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, तुम्हाला कशाला काळजी अक्का, कोणीतरी आणून देईल पाणी. वन्सं परत आल्या आणि आपली कळशी त्यांनी पालथी घालून ठेवली.

पुढे नगरपालिकेची निवडणूक आली आणि आमच्या वॉर्डातून घरमालक उभे राहिले. आणखी चार जण होते. घरमालक एका संध्याकाळी आमच्याकडे आले, चहा प्याले आणि यांना म्हणाले, तुमच्या घरची तीन मतं मी धरून चाललोय. वन्संकडे वळून म्हणाले, अक्कांना आणायला माणूस पाठवतो, साहेब मत टाकतील, नाव तेवढं मोठ्याने सांगा. हसून बोलत होते. हे हो म्हणाले. नाही म्हणून काय करणार होते? भाड्याची जागा, दुसरीकडे मिळण्याची खात्री नाही, आणि घरमालकांचं गिरणीवाल्यांकडे रोजचं उठणंबसणं.

ते गेल्यावर हे वन्संच्या जवळ जाऊन बसले. म्हणाले, अक्का, एवढं ऐक. तुझं मत खोलीभर ऐकू येणार आहे. दुसरं नाव घेतलंस तर आपल्याला इथून उठावं लागेल. यांचा स्वभाव भित्रा नव्हता, पण आमच्या दोघींचा भार त्यांच्यावर होता. वन्सं म्हणाल्या, "मी जाणार. आणि कोणाचंही नाव घेणार नाही." मग मत कसं देणार, असं यांनी विचारलं.

त्याचं उत्तर मिळालं शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून. त्या इस्राएली समाजाच्या, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. शनिवारी धर्माप्रमाणे त्यांची चूल पेटत नसे, म्हणून दुपारी त्या आमच्याकडे येऊन बसायच्या. मागच्या मतदानाला त्यांनी कामही केलं होतं. वन्संनी त्यांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, साहेबांनी मदत करायची ती मागणाऱ्याला. नको म्हणणाऱ्याच्या हातातून कागद काढून घेता येत नाही. आणि पेट्या काही वाटेल तशा मांडत नाहीत. चौकात भिंतीवर आधीच उमेदवारांची यादी लावतात, त्याच क्रमाने आत पेट्या असतात.

वन्संच्या हातात वाल होते. ते तसेच राहिले. "म्हणजे मोजता येतात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी डोक्यावरून पदर घेऊन यादी वाचायला गेले. एकटी चौकात उभं राहून भिंत वाचायची, मला कोण लाज वाटली. पाच नावं होती. पाठ करून आले. वन्संनी फळीवरचे डबे काढून तिथे पाचच ओळीने ठेवायला सांगितले. मी ठेवले. मी नावं म्हणायची आणि त्यांनी एकेका डब्यावर हात ठेवायचा. पहिला अमुक, दुसरा तमुक, असं पाचव्यापर्यंत. त्यांची एकच अट होती. कोणत्या नावावर थांबायचं नाही आणि आवाज बदलायचा नाही. मलासुद्धा कळता कामा नये, असं त्या म्हणाल्या. मला राग आला नाही. उलट त्यांचं काहीतरी मी राखते आहे असं वाटलं.

पंधरा दिवस आमचं ते चाललं होतं. स्वयंपाक करता करता, भांडी घासता घासता मी पाच नावं म्हणायची, शाळेत पाढे म्हणायचो तशी. कागदाची घडी घालायचा सराव झाला. फट चाचपून त्यात कागद सोडायचा सराव करायला आम्ही नाक्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो आणि वन्संनी माझ्या माहेरी खुशालीची चार कार्डं चार दिवसांत टाकली. आईने उलट विचारलं, पोरी, सगळं ठीक आहे ना.

मतदानाच्या दिवशी घरमालकांचा माणूस बोलवायला आला तेव्हा आम्ही निघून गेलो होतो. हे सकाळीच मत देऊन गिरणीत गेले होते. शाळा तीच, पण खोली दुसरी. वन्सं पुढे, मी त्यांच्या मागे. साहेब तरुण होते. त्यांनी वन्संकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठले. कोणाच्या पेटीत टाकायचं ते सांगा, मी टाकतो, असं म्हणाले. वन्सं म्हणाल्या, मला मदत नको, पडद्यापर्यंत नेऊन सोडा.

बाकावरून घरमालकांचा माणूस म्हणाला, साहेब, बाई आंधळ्या आहेत, मत वाया जाईल, तुम्हीच टाका.

"वाया गेलं तर माझं जाईल," वन्सं म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

रांगेत हसू झालं, पण या वेळी ते वन्संना हसत नव्हते. साहेब गोंधळात पडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही यांच्या कोण, यांना खरंच जमेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी सवयीने वन्संकडे बघितलं. त्या बोलल्या नाहीत. माझ्या वतीने त्या बोलल्या नाहीत अशी ती पहिलीच वेळ. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

"भावजय," मी म्हटलं. आवाज मलाच ओळखू आला नाही. "त्यांना जमतं. घरात सगळं तेच करतात."

साहेबांनी मान हलवली आणि वन्संना पडद्यापर्यंत सोडलं. मग आतून नखाचा आवाज आला. टक, टक, टक, टक, टक. पाच. पुन्हा पाच, जरा सावकाश. मग काहीच नाही. बाहेर बसलेल्यांना त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. वन्सं पडदा सारून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात रिकामे होते आणि त्या हसत होत्या. हसताना त्यांचा खालचा ओठ जरा एका बाजूला जायचा. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मी पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळ्या फुटल्या तेव्हा.

मग मी आत गेले. समोर बाकावर पाच पेट्या. यादीतलं पहिलं नाव डाव्या हाताला, भिंतीजवळ. शेवटचं उजव्या हाताला, मी जिथून आत आले त्या बाजूला. मी कागद हातात धरून तशीच उभी राहिले.

आमच्या घरात दार फळीच्या डाव्या बाजूला होतं. पहिला डबा दाराजवळचा. इथे दार उजवीकडे. मी पंधरा दिवस पहिला, दुसरा म्हणत होते, कुठल्या हाताकडून ते एकदाही म्हटलं नव्हतं. आणि वन्सं जगातली कुठलीही वस्तू दाराकडून मोजत. यादीत घरमालक चौथे होते. इथे दाराकडून मोजलं तर दुसरे. वन्संच्या मनात दुसरं नाव असेल, तर त्यांचं मत घरमालकांच्या पेटीत पडलं होतं. त्यांच्या स्वतःच्या हाताने.

मी माझा कागद कसा टाकला ते आता आठवत नाही.

बाहेर वन्सं माझ्या बांगड्यांचा आवाज ऐकून वळल्या. माझा हात धरून चालायला लागल्या. वाटेत त्या बोलत होत्या. पेट्या गार होत्या, एकीच्या कडेला पोचा आलेला होता, फट टपालपेटीपेक्षा बारीक होती. मग म्हणाल्या, "काल मी म्हणत होते ना, शेवटी हात थरथरला तर? नाही थरथरला." मी हूं हूं करत होते. तोंडाशी आलेलं होतं. पण त्यांची ती चाल, मान वर करून टाकलेली पावलं बघून मी ते गिळलं. उद्या सांगू म्हटलं.

घरमालक निवडून आले. थोडक्यात आले, असं लोक म्हणत होते. यांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी घरमालकांकडून पेढे आले. वन्संनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे खाल्ला.

"माझं त्यात नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "म्हणून गोड लागतो."

माझा पेढा हातातच राहिला. त्या दिवसानंतर मला ते सांगताच आलं नाही. काय सांगणार होते? तुमची वाट अडवणाऱ्या माणसाला तुम्हीच निवडून दिलं असेल, आणि चूक माझी आहे. वन्सं आल्यागेल्याला ती पडद्याची गोष्ट सांगत. शिक्षिकाबाई इस्रायलला निघाल्या तेव्हा निरोपाच्या दिवशीही तीच निघाली. बाई म्हणाल्या, तुमच्यासारखी विद्यार्थिनी मला वर्गात कधी मिळाली नाही. मी ताटं मांडत होते. मी आत निघून गेले.

वर्षं गेली. विहिरीचं पुढे कारण उरलं नाही, नगरपालिकेचा नळ गल्लीत आला. वन्संचे केस पिकले आणि हात खरोखरच थरथरायला लागले. आणि मतदानाची पद्धत बदलली. पेट्या गेल्या, एकाच कागदावर सगळ्यांची चित्रं आली. हव्या त्या चित्रावर शिक्का मारायचा. वर्तमानपत्रात मी वन्संना वाचून दाखवलं की आंधळ्या माणसाला आता आपला सोबती आत नेता येईल, तो शिक्का मारील, पण कोणावर मारला ते कोणाला सांगणार नाही असं त्याने लिहून द्यायचं. वन्संनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

त्या दिवशी आम्ही तिघं बरोबर गेलो. साहेबांनी वन्संना विचारलं, सोबतीला कोण. हे पुढे झाले. बहीण-भाऊ, त्यात विचारायचं काय, असं साहेबांनाही वाटलं असावं. त्यांनी कागद यांच्यापुढे केला.

"हा नाही," वन्सं म्हणाल्या. "ही."

साहेबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी नेहमीसारखी पदर ओढून उभी होते. यांना लिहिता वाचता येतं का, असं त्यांनी विचारलं.

"येतं. आणि मुख्य म्हणजे हिला बोलता येत नाही," वन्सं म्हणाल्या. "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, शेजाऱ्यांनी अजून हिचा आवाज ऐकलेला नाही. हिच्या पोटात गेलं ते गेलं."

सगळे हसले. हेसुद्धा हसले, जरा ओशाळून. मी सही केली. माझं नाव मी सरकारी कागदावर तेव्हा प्रथमच लिहिलं, आणि ते कोणाच्या मदतीशिवाय लिहिलं.

आत कोपऱ्यात टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा होता. आम्ही दोघी त्याच्यामागे उभ्या राहिलो. वन्संनी माझ्या कानाशी तोंड आणलं, पण त्या बोलायच्या आधी मीच बोलले. हिच्या पोटात गेलं ते गेलं, हे त्यांचे शब्द मला सोसवत नव्हते. मी कुजबुजत सांगितलं की त्या खेपेला पेट्या उलट होत्या. घरात दार डावीकडे, तिथे उजवीकडे. मी सांगायला चुकले. तुमचं मत कदाचित घरमालकांना गेलं. इतकी वर्षं मी सांगितलं नाही.

बाहेर साहेब खाकरले.

"हे सांगायला बरी जागा शोधलीस," वन्सं हळूच म्हणाल्या. आता त्यांना हळू बोलता येत होतं. मग त्यांनी माझं मनगट चाचपलं. बांगड्यांच्या वर घट्ट धरलं. "पेट्या किती होत्या?"

"पाच."

"माझी मधली. जाताना मोजल्या, येताना मोजल्या. दाराकडून मोज नाहीतर भिंतीकडून, मधली ती मधलीच. मला काय, दार कुठे आहे ते कळत नाही होय? आता शिक्का घे, लोक खोळंबलेत."

मग त्यांनी दोन्ही कागदांसाठी दोन नावं माझ्या कानात सांगितली. मी शिक्के मारले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चित्रं पुसट दिसत होती, म्हणून मी प्रत्येक चित्र दोनदा बघून घेतलं. कागदांच्या घड्या त्यांनी स्वतः घातल्या आणि पेट्यांतही स्वतःच टाकले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, एवढा वेळ काय चाललं होतं. वन्सं म्हणाल्या, ते सांगायचं नसतं, तिने सही केली आहे.

कित्येक वर्षांनी मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. पण दोनेक दिवसांनी वन्सं तांदूळ निवडत होत्या आणि मी त्यांच्यासमोर बसून भाजी चिरत होते, तेव्हा मला यादीतलं तिसरं नाव आठवलं. त्या माणसाबद्दल वन्संनी कधी बरं म्हटल्याचं मला आठवेना. उलट तो प्रचाराला आला होता तेव्हा, हा उभा राहिलाय की भिंतीला टेकलाय, असं त्यांनी मला विचारलं होतं. अशा माणसाला त्यांनी मत दिलं असेल? की माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्या आडोशामागे, साहेब खाकरत असताना, त्यांना पाचातलं हेच एक उत्तर सुचलं? त्यांच्या तोंडावरचं मला सगळं वाचता यायचं. त्या दिवशी मी खूप वेळ बघत राहिले, पण काही कळलं नाही.

शेवटी मी विचारलं, "वन्सं, खरंच मधली?"

त्यांनी सुपातला एक खडा बोटाने उचलला आणि बाजूला टाकला. "मत गुप्त असतं," त्या म्हणाल्या. "तू तर सही केली आहेस." आणि त्यांचा खालचा ओठ एका बाजूला गेला.

त्यानंतर चार वर्षांनी त्या गेल्या. मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं, आणि मला आता असं वाटतं की खरं असेल तर त्यांनी जिवापाड जपलेली गोष्ट मला दिली, आणि खोटं असेल तर ते माझ्यासाठी बोलल्या. माझ्यापुरती दोन्हीची किंमत सारखीच.

मी शिक्के कोणावर मारले ते या वहीतही लिहीत नाही. सही केली आहे. पण ती पाच नावं अजून पाठ आहेत. स्वयंपाक करताना फळीकडे हात गेला की आपोआप ओठांवर येतात, पाढे यावेत तशी. मी ती सगळी एका सुरात म्हणते. कोणी ऐकत नसतं, तरी तिसऱ्यावर आवाज बदलू नये याची काळजी घेते.